रिकामी सुई

धाकटी रागावली की जोरात बोलत नसे, जोरात चालत असे. त्या सकाळी ती अशी तरातरा निघाली होती, की थोरल्या भावाला तिच्या बरोबरीने राहायला जवळजवळ पळावं लागत होतं.

"उस्ताद, जरा दमानं! मशीन काही पळून जात नाही."

"तुला कुणी बोलावलं होतं?"

"आईनं पाठवलंय. म्हणाली, पोरगी रागाच्या भरात भंगार उचलून आणेल."

वडील गेल्यावर घरच्या कारखान्यातलं मशीन थोरल्याकडे आलं, आणि आरी व दोन सुया घेऊन हाताने चामडं शिवायचं काम धाकटीकडे राहिलं. नऊ वर्षं तिने चकार शब्द काढला नाही. मग विजेची कामं करणाऱ्या एका ठेकेदाराने हत्यारं ठेवायच्या चाळीस पिशव्या सांगितल्या. तिला, तिला एकटीलाच. हाताने त्याच्या मुदतीत होणं शक्यच नव्हतं. तिने दादाकडे आठ दिवसांसाठी मशीन मागितलं. तो हसला. "काम मला दे, तू कडा घासून दे. जड मशीन बायकांच्या हातचं नाही."

झालं. त्याच दिवशी तिने दोन गल्ल्या पलीकडे एक खोली पाहिली. आता तिथे ठेवायला स्वतःचं मशीन हवं होतं. ते मिळालं नाही, तर पुन्हा कडा घासणं आलंच.

जुन्या मशीनवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. आत तेलाचा आणि गंजाचा वास. म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, आणि येईल त्याला तो "बाळ" म्हणे.

"चामड्यासाठी तीन आहेत, बाळ. दोरा ओवून देऊ?"

"नको. रिकामी सुई चालवणार."

म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या, पण त्याला बरं वाटलेलं दिसलं. ही तिच्या वडिलांची रीत. दोरा मशीनची खोड झाकून टाकतो. चामड्यात सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही. भोकं बघावीत आणि मशीन ओळखावं.

पहिलं मशीन दर सातव्या टाक्याला अडखळून जुन्याच भोकात सुई घालत होतं. दुसरं दोन पदरांवर गोड चाललं, चार पदर घातल्यावर मात्र ठोके देऊ लागलं. तिसरं गडद हिरव्या रंगाचं, चामडं दाबणारा पाय चामड्याबरोबर पुढे चालत जाणारं. त्यात तिने चार पदर सारले, पेडल दाबलं, आणि आवाज ऐकूनच तिला ते आवडलं. भोकं कशी, मोती मांडल्यासारखी.

फक्त ओळ वाकडी आली. सरळ निघाली आणि हळूच डावीकडे वळत गेली.

"मशीन सरळ आहे, उस्ताद," दादा म्हणाला. "हात वाकडाय."

"चामडं सरकवणारे दात झिजले असतील," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने खाली वाकून दात पाहिले. शाबूत होते. मग त्याने स्वतः एक कातरण चालवून पाहिली. ओळ सरळ, पट्टीने आखल्यासारखी. दादानेही बाही सारून एक ओळ मारली. तीही सरळ. त्याने ती कातरण तिच्या नाकासमोर धरली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नवी कातरण घेतली, डाव्या हाताने कडेला घट्ट दाबून धरली आणि दातओठ खात चालवली. ओळ पुन्हा वळली.

तिने आपल्या दोन्ही कातरणी एकमेकींवर ठेवल्या आणि दाराच्या उजेडासमोर धरल्या. वळणं सारखी असतील, असं तिला वाटलं होतं. पण वरच्या प्रत्येक भोकातून खालच्या भोकाचा उजेड येत होता. एकूण एक. एवढं तंतोतंत माणसाच्या हातून होत नाही. मुद्दाम ठरवूनही नाही.

"मोठा तुकडा द्या," ती म्हणाली.

"राहू दे ना," दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"मोठा तुकडा द्या म्हणते ना!"

म्हाताऱ्याने ताटाएवढा तुकडा आणून दिला. तिने तो मशीनच्या पायाखाली सारला, दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि नुसतं पेडल दाबलं.

मोटरचा सूर बदलला नाही. चामडं आपलं आपण वळू लागलं. वर गेलं, थबकलं, खाली आलं. पुन्हा वर.

तिघंही बघत राहिले.

जिथून सुरुवात झाली होती, त्याच भोकाशी सुई येऊन थांबली. तिचा पाय अजून पेडलवर दाबलेलाच होता.

म्हाताऱ्याने तुकडा काढून टेबलावर ठेवला. भोकांनी काढलेला पंजा होता तो. मनगट, करंगळी, तिच्याशेजारचं बोट, मधलं बोट. मग रेषा गोल उतरून थेट अंगठ्यावर.

दादाने आपला हात वर ठेवून पाहिला. त्याचा पंजा फार मोठा.

मग तिने ठेवला.

नीट बसला. लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा रेषेत बसली. तर्जनी तेवढी बाहेर, कोऱ्या चामड्यावर.

"चल घरी," दादाने तिचा दंड धरला. "आपलं मशीन घे. आठ दिवस नाही, कायमचं घे. मी दुसरं बघतो. देवाशपथ."

यासाठी ती नऊ वर्षं थांबली होती. आणि नेमकं याच शब्दांनी तिचं डोकं पार फिरलं.

"मी मागितलं तेव्हा तुला सुचलं नाही ना? मला नाही दिलंस. भीतीला देतोयस!"

"असू दे. भीतीला देतो. पण घे."

"ठेव तुझं तुलाच." ती म्हाताऱ्याकडे वळली. "हिरवं बांधून द्या."

"बाळ, तो दादा काय म्हणतोय ते—"

"विकायचंय की नाही?"

म्हाताऱ्याने दोर आणला. हमालांनी मशीनचं डोकं टेबलावरून सोडवलं आणि गोणपाटात गुंडाळलं. दादा एकदा मध्ये आडवा झाला. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो बाजूला झाला. गाडी दाराशी लागली.

"कुठं पोचवायचं तेवढं लिहून दे," म्हाताऱ्याने वही आणि पेन पुढे केलं.

तिने नव्या खोलीचा पत्ता लिहिला. भराभर, ठसठशीत अक्षरात, रागाने कागद फाटेल इतकं दाबून. दादा तिच्या हाताकडे बघत होता. तिने पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं होतं. तर्जनी बाजूला ताठ उभी होती, आणि तिच्या ते गावीही नव्हतं.