चौथ्या पटावरचा वाकडा घोडा

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी हॉक्सडेलच्या चिप्सच्या दुकानात चीज-कांदा भरलेली, भल्यामोठ्या करंजीसारखी एकच पेस्टी उरली होती, आणि ब्रायनी ॲकरॉइडचा तिच्यावर डोळा होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावरच्या वाकड्या फ्रेमा सरळ करता करता तिच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. साडेसातला बुद्धिबळाचा सामना. बाहेर पाऊस नेहमीसारखाच आडवातिडवा कोसळत होता. रांगेत तिच्यापुढे एकच माणूस उभा होता... उंच, ओलाचिंब, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

"ती पेस्टी द्या," तो म्हणाला.

"अहो—" ब्रायनीच्या तोंडून निघूनच गेलं.

तो वळला. केसांतून पाणी ठिबकत होतं, डोळे मात्र हसत होते. "तुमची होती का?"

"होणार होती."

"मग अर्धी-अर्धी करू या?"

"अनोळखी माणसाचं उष्टं खायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

"उष्टी कशी? आधी तोडीन, मग खाईन. मेंढ्यांचा डॉक्टर आहे मी. स्वच्छतेचं कळतं मला."

ब्रायनीनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. "दिसतंय की!" आणि नुसत्या चिप्सचा पुडा घेऊन, तो छातीशी धरून ती तरातरा बाहेर पडली.

कामगार क्लबाच्या मागच्या खोलीत पाच पट मांडून झाले होते. हॉक्सडेल बुद्धिबळ क्लबाचा कर्णधार विल्फ, म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेला, कानात यंत्र घालणारा आणि हवं तेव्हा ते बंद करणारा गृहस्थ, चहाच्या भांड्याशी खटपट करत होता. दर मंगळवारी जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेतल्या पहिल्या विभागातल्या कुठल्या ना कुठल्या क्लबाशी सामना, पाच विरुद्ध पाच. आज ब्रॅकनबीची पाळी होती. ब्रायनी नेहमीप्रमाणे चौथ्या पटावर जाऊन बसली, आणि समोरची खुर्ची ओढून बसला... तोच. चिखलासकट.

"इमरिस," हात पुढे करत तो म्हणाला. "ब्रॅकनबीत नवा आहे. मूळचा वेल्सचा."

"ब्रायनी," ती म्हणाली. हातात हात देताना तिला उगीचच लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा राग आला.

घड्याळ सुरू झालं. तीन-चार चालींतच ब्रायनीचं लक्ष उडालं. त्याचा घोडा! सगळ्यांचे घोडे समोर बघतात. याचा मान वळवून खिडकीकडे तोंड करून उभा होता. वाकडी गोष्ट नजरेसमोर राहिली की ब्रायनीची बोटं शिवशिवायची.

"नीट करते," ती हळूच म्हणाली आणि तिनं दोन बोटांनी घोडा सरळ केला.

हे शब्द आधी उच्चारावेच लागतात. न बोलता हात लावला तर स्वतःचा मोहरा असल्यास तोच हलवायचा, समोरच्याचा असल्यास तोच मारायचा, मग त्यात आपलं कितीही नुकसान होवो. ब्रायनी हे नवव्या वर्षी विल्फकडून शिकली होती, आणि आता शिंक यावी तसे ते शब्द तिच्या तोंडून यायचे.

इमरिस पुढे झुकला. "त्याला खिडकीबाहेर बघायला आवडतं," तो कुजबुजला. "घोड्यांच्या मनातलं कळतं मला. धंदाच आहे माझा."

ब्रायनीला हसू फुटलं. ते दाबायला गेली तर नाकातून आलं.

"शूऽऽ!" विल्फ ओरडला, सगळ्या खोलीत सगळ्यात मोठ्यानं.

त्यांचा डाव बरोबरीत सुटला. हस्तांदोलन झालं. मग इमरिसनं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. आत अर्धी पेस्टी होती. थंडगार झालेली, पण कडा सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ.

"आधी तोडली," तो म्हणाला. "मग खाल्ली."

ब्रायनीनं ती गाडीत बसून खाल्ली, आणि इतकी चविष्ट पेस्टी आपण आयुष्यात खाल्ली नाही असं तिचं ठाम मत झालं.

आता तुम्ही विचाराल, मग फोन नंबर का नाही मागितला? अहो, या दोघांना तेवढी अक्कल असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. ती म्हणाली, "भेटू पुढच्या सामन्यात." तो म्हणाला, "हो... भेटूच." आणि या दोन क्लबांचा पुढचा सामना होता जानेवारीत.

मधल्या काळात उरले ते निकाल. दर बुधवारी सकाळी सगळ्या विभागाचे निकाल फोनवर यायचे. कोण जिंकलं, कोण हरलं, कुठल्या पटावर किती गुण. पूर्वी ब्रायनी ते विल्फसाठी वाचायची. आता चहाचं पाणी उकळायच्या आधी तिचं बोट ब्रॅकनबीच्या चौथ्या पटावर जाऊन थांबायचं. तो जिंकला की तिच्या गिऱ्हाइकांच्या फ्रेमा चटाचट सरळ व्हायच्या. हरला की एकेक स्क्रू तिच्या हातून तीनदा खाली पडायचा.

जानेवारीत, पहिल्या विभागाच्या चषकाच्या सामन्यात, ते पुन्हा समोरासमोर आले. आणि या वेळी त्याचे दोन्ही घोडे वाकडे!

"नीट करते," ब्रायनी म्हणाली.

"दुसराही करा. नाहीतर रुसेल."

"शिस्त नाही तुमच्या जनावरांना."

"मालकच तसा आहे."

त्या दिवशी ती जिंकली. नंतर चहाच्या भांड्यापाशी तो बिस्किट बुडवत म्हणाला, "गेल्या आठवड्यात मात्र हरलात. हत्ती फुकट घालवलात म्हणे."

"तुम्हाला काय माहीत?"

"निकाल वाचला."

"निकालात हत्ती लिहिलेला नसतो."

इमरिसचं बिस्किट चहात पडलं. "मी... म्हणजे... कुणालातरी विचारलं असेल," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ब्रायनीनं तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं. पण घरी जाताना ती दोन वळणं चुकली.

मार्चमध्ये ब्रॅकनबीच्या चौथ्या पटावर भलत्याच माणसाचं नाव आलं. पुढच्या मंगळवारीही तेच. ब्रायनीनं विल्फला जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, "ब्रॅकनबीचा तो चौथा... आजारीबिजारी आहे का?"

"मेंढ्या विताहेत, पोरी. डॉक्टर गोठ्यात असणार. तुला का गं चौकशी?"

"सहज. संघाच्या दृष्टीनं."

"अस्सं! संघाच्या दृष्टीनं!" म्हणत विल्फनं कानातलं यंत्र बंद केलं आणि स्वतःशीच बराच वेळ हसत बसला.

एप्रिलमधला शेवटचा मंगळवार उजाडला तेव्हा मात्र कुणाला हसू येत नव्हतं. हॉक्सडेल तळाला होतं. ब्रॅकनबीच्या अंगणात जाऊन निदान बरोबरी केली तरच पहिल्या विभागात जागा टिकणार होती, नाहीतर दुसऱ्यात घसरगुंडी. तिकडे ब्रॅकनबीला विजेतेपदाची ढाल जिंकायला विजयच हवा होता. दोन्हीकडे जीव टांगणीला. ब्रायनीच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या विभागात गेलं की ब्रॅकनबीशी सामना नाही. ना नोव्हेंबरात, ना जानेवारीत, ना एप्रिलमध्ये. चौथ्या पटावर समोर दुसरंच कुणीतरी बसणार.

मेंढ्यांचा मोसम सरला होता. इमरिस आला होता. थोडा वाळलेला, डोळ्यांखाली काळं, पण तिला पाहिल्यावर चेहरा उजळला. घोडे अर्थातच वाकडे. ब्रायनीनं "नीट करते" म्हणत दोन्ही सरळ केले.

एकेक पट संपत गेला. दोन डाव त्यांचे, दोन यांचे. उरला चौथा. ब्रायनीला नुसती बरोबरी हवी होती, आणि डाव अगदी समसमान चालला होता. इमरिसनं घोडा पटाच्या मधोमध आणून ठेवला आणि घड्याळ दाबलं. घोड्याचं तोंड पुन्हा खिडकीकडे.

ब्रायनी बघत राहिली. पुढच्या वर्षी हा घोडा कोण सरळ करणार? दुसरी कुणी? बाहेर पावसाची सर आली, काचेवर थेंब वाजले, आणि तिची दोन बोटं आपसूक पुढे गेली. तिनं घोड्याची मान धरली, हळूच आपल्याकडे वळवली.

आणि मग तिला कळलं, की आपण काहीच बोललो नाही.

त्या घोड्याला मारू शकेल असा तिचा एकच मोहरा होता, वजीर. आणि घोड्याला एका प्याद्याची राखण होती. वजीर गेला की डाव गेला, डाव गेला की क्लब खाली.

तिनं वर पाहिलं. इमरिस पटाकडे खाली मान घालून बसला होता. त्याचा कर्णधार मिस्टर हॅलम दाराशी, पटाकडे पाठ करून चहा ओतत होता.

"माझा हात लागला," ती पुटपुटली.

"मी काही पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"ब्रायनी..." तो अगदी हळू म्हणाला, "खेळ ना तुला हवी ती चाल."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि तेही नेमकं आत्ता! तिला रडू यायला लागलं. पण समोरच्या भिंतीला टेकून विल्फ उभा होता, आणि तो सगळं बघत होता. खरं म्हणजे विल्फ नसता तरी तिनं तेच केलं असतं. तिनं वजीर उचलला आणि घोडा मारला.

इमरिसचा हात प्याद्यावर बराच वेळ थांबला. मग त्यानं वजीर घेतला. तसं न करणं हा तिचा अपमान झाला असता, हे त्याला कळत होतं. आणखी थोड्या चालींनी ब्रायनीनं हार मानून राजा आडवा केला आणि हात पुढे केला. हॅलमची माणसं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा ती कोट उचलून बाहेर पळाली.

गाड्यांपाशी विल्फनं तिला गाठलं.

"माफ करा मला," ती म्हणाली. "तुम्ही एवढी वर्षं टिकवलेला क्लब..."

"गप गं. विभाग काय, वर-खाली होतच असतात. पण माझ्या हाताखाली शिकलेली पोर लबाडी न करता हरली, हे मी वर्षभर सांगत फिरणार आहे." तो गाडीत बसला, आणि खिडकीची काच मात्र खाली ठेवली.

तेवढ्यात इमरिस धावत आला. कोट नाही, टोपी नाही, पावसात तसाच.

"ढाल मिळाली ना? अभिनंदन," ब्रायनी म्हणाली.

"मला काहीतरी सांगायचंय. ऐक, आणि मग हवं तर थोबाडीत मार." त्यानं श्वास घेतला. "माझे घोडे... एरवी सरळ असतात."

"म्हणजे?"

"बाकी सगळ्यांशी खेळताना. हॅलमना विचार. पहिल्या दिवशी घाईत वाकडा ठेवला गेला. तू 'नीट करते' म्हणालीस, हात पुढे केलास, आणि मला... मला ते फार आवडलं. म्हणून मग तुझ्यासमोर मी मुद्दाम वाकडे ठेवायला लागलो. तेवढाच तुझा हात माझ्या बाजूला यायचा."

ब्रायनीनं कपाळावरचे ओले केस मागे सारले. पाणी तिच्या पापण्यांवरून ओघळत होतं.

"म्हणजे तुझ्या या चाळ्यापायी माझा क्लब बुडाला?"

"हो."

"आणि तू तोंड वर करून मला हे सांगतोयस?"

"न सांगता राहवेना. तूही राहू शकली असतीस की गप्प... राहिलीस का?"

तिला रागवायला हवं होतं, आणि राग काही केल्या सापडत नव्हता. सापडलं ते भलतंच, आणि ते पहिल्या पेस्टीपासून तिथेच होतं.

"पुढच्या वर्षी आपला सामनाच नाही," ती शेवटी म्हणाली. "मी कशी राहू रे?"

इमरिस जवळ आला. "मी हॅलमना आत सांगूनच आलोय. ब्रॅकनबीला ढाल मिळवून दिली, आता मी मोकळा. हॉक्सडेलला येतो. दुसऱ्या विभागात, तुमच्या चौथ्या पटावर."

"पाचव्या!" गाडीतून विल्फ गरजला. यंत्र चालू होतं तर! "चौथा पट माझ्या पोरीचा आहे!"

"पाचव्या," इमरिसनं मुकाट्यानं मान्य केलं. "तुझ्या शेजारी. दर मंगळवारी. चालेल?"

ब्रायनीनं हात पुढे केला. त्याच्या शर्टाची कॉलर घाईत दुमडून वाकडी झाली होती.

"नीट करते," ती म्हणाली, आणि नीट केल्यावरही तिनं हात काढला नाही.

सप्टेंबरात दुसऱ्या विभागाचा पहिला सामना. चौथ्या पटावर ब्रायनीसमोर कडक चेहऱ्याच्या एक बाई बसल्या होत्या. पाचव्या पटावर इमरिस, त्याचे घोडे शाळेच्या रांगेसारखे सरळ. घड्याळं सुरू व्हायच्या आधी बाईंनी चष्म्यावरून ब्रायनीच्या बाजूला पाहिलं.

"तुमचा घोडा वाकडा आहे हं. तोंड शेजारच्या पटाकडे झालंय."

"असू दे," ब्रायनी म्हणाली. "त्याला तिकडेच बघायला आवडतं."