ऑर्गनच्या आतली टकटक

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही हं. भर दुपार होती. शाळेला सुट्टी, रिकामं सभागृह, आणि समोर आमचा पाइप ऑर्गन.

आमचा म्हणजे माझ्या बाबांनी आणि काकाने बांधलेला. भिंतभर उंच. आत शेकडो नळ्या. आत शिरायला मागच्या अंगाला एक बुटकं दार, आणि त्याला कडी फक्त बाहेरून.

त्याच दाराआड काका गेला. मी तेव्हा लहान होते. तो आत सूर लावत होता, बाबा सामान आणायला गेले होते. कोणीतरी कडी घातली. आत सगळी धूळ, आणि काकाला दमा...

तेव्हाचे संगीत शिक्षक म्हणाले, "भावानेच कडी घातली असणार. मी आपला येऊन वाजवत बसलो. आत माणूस आहे हे मला काय माहीत?"

सगळ्यांना पटलं. काकूलासुद्धा. एकाच घरात राहून ती बाबांशी एक अक्षर बोलेना. बाबा आतल्या आत झिजत गेले.

आणि ते शिक्षक? झाले की मुख्याध्यापक!

ऑर्गनचे सूर लावायला त्यांनीच आम्हाला बोलावलं होतं. हे काम येणारं दुसरं कोणी मिळेना म्हणून. बाबा कसे तयार झाले, देव जाणे.

सूर लावायला दोघं लागतात. एक आत नळ्यांपाशी, एक बाहेर पट्ट्यांवर. एकमेकांचं तोंड दिसत नाही. आतल्याने लाकडावर टकटक केली की बाहेरच्याने पुढची पट्टी दाबायची.

बाबा आत. मी पट्ट्यांवर. मुख्याध्यापक माझ्या डोक्यावर उभे, "आवरा, आवरा" करत.

टकटक. मी पुढची पट्टी दाबली.

टकटक. पुढची.

छान चाललं होतं. तेवढ्यात सभागृहाचं दार करकरलं, आणि...

बाबा पाण्याची बाटली घेऊन आत आले.

"अगं, थांबलीस का नाहीस? मी मघाशीच नळावर गेलो होतो."

टकटक...

माझं बोट पट्टीवरच राहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

टकटक... टकटकटक... आता त्यात घाई होती. आणि मधेमधे श्वास. घरघरणारा. काकाचा श्वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

मुख्याध्यापक भडकले. "थट्टा लावलीय का? कोणाला लपवलंय आत?"

तणतणत मागे गेले. मी त्यांच्यामागे. ते वाकून आत शिरले मात्र...

दार धाडकन लागलं. आणि कडी आपोआप बसली. जवळ कोणी नव्हतं, देवाशपथ!

"उघडा! इथे कोणीतरी बसलंय! उघडा!"

मी कडी ओढली. हलेना. दोन्ही हातांनी ओढली. कडीवर आधीच कोणाचा तरी हात होता... थंडगार.

आणि ऑर्गन गरजला.

कोपऱ्यातून बघते तर बाबा पट्ट्यांवर. जीव खाऊन वाजवत होते. मुंगीलाही न दुखावणारा माझा बाप!

"बाबा, ते मरतील आत!"

"कोण? मला काही ऐकू येत नाही."

आतली किंकाळी सुरांच्याही वर चढली.

"ऐकली होती! त्याची टकटक ऐकली होती मी! वाजवू देईना, सारखा मधेमधे करायचा, म्हणून कडी मीच घातली!"

बाबांनी हात उचलले.

कडी सुटली.

मुख्याध्यापक रांगत बाहेर आले. छाती धपापत होती, गळ्यातून घरघर येत होती. त्यांना दमा कधीच नव्हता. आता आहे. डॉक्टरांना कारण सापडत नाही.

बाबांनी त्यांना तसंच काकूपुढे नेऊन उभं केलं. धापा टाकत त्यांनी सगळं सांगितलं. बाबांनी हात उचलले तेव्हा कुठे सुटलो, हेही सांगितलं.

काकू रडली नाही. मला वाटलं, आता ती बाबांची माफी मागेल.

तिने बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भावोजी, हात एवढ्यात का उचललेत?"



ते काम अजून अर्धंच आहे. आमच्याकडे पुरावा नाही, म्हणून मुख्याध्यापकही तिथेच आहेत. शाळेतून फोन येतात, मी टाळते. मला बाबांना त्या पट्ट्यांवर पुन्हा बसू द्यायचं नाहीये.

पण हल्ली काकू त्यांच्याशी बोलते. रोज जेवायला वाढताना हळूच विचारते, "शाळेत कधी जाताय?"

आणि काल बाबांनी आपली हत्यारं पुसून ठेवली.