माईंचा हात

पाम गावच्या रामनाथदादांकडे मेघाली पहिल्यांदा गेली ती अगदी साध्या कामासाठी. बोईसरहून रिक्षा केली, पायाशी एक प्लास्टिकची बादली, मांडीवर साच्याच्या पावडरीची पिशवी. लोकांना जपून ठेवाव्याशा वाटणाऱ्या आठवणींच्या वस्तू ती घरबसल्या करून द्यायची. बाळाच्या पावलांचे ठसे, लग्नातला हार काचेसारख्या रेझिनमध्ये बसवलेला, गेलेल्या आजीच्या लुगड्याची उशी. नवरा शैलेश तारापूरच्या कारखान्यात पाळीला जायचा. सासू मथुराबाईंचे गुडघे गेले होते, त्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नसत. घरात बसून करण्यासारखं काम होतं आणि मेघालीच्या हाताला गुण होता, त्यामुळे एकाचं बघून दुसरा यायचा.

रामनाथदादांच्या मुलीने, जागृतीने, फोन केला होता. तिची आई, माई, अंथरुणाला खिळलेली. आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव जवळ आलेला, पण माई तोवर राहतील असं डॉक्टर म्हणत नव्हते. निदान त्यांचा हात तरी घरात राहावा, असं जागृतीच्या मनात होतं.

चिकूच्या वाडीतलं घर. खोलीत औषधाचा आणि ओल्या मातीचा वास. मेघालीने बादलीत पावडर कालवली आणि माईंचा उजवा हात मनगटापर्यंत आत बुडवला. मिश्रण खरवसासारखं थिजलं, तसा तिने तो हात अलगद सोडवून घेतला. आत माईंच्या हाताची पोकळी राहिली. रामनाथदादा दारात उभे राहून बघत होते. आत काही आले नाहीत.

असा साचा ठेवून चालत नाही. त्याच दिवशी त्यात प्लास्टर ओतावं लागतं, नाहीतर तो सुकून आक्रसतो. मेघालीला हे पुरतं ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी एका बड्या घरच्या बारशाची भेटवस्तू राहिली होती, ते लोक घाई करत होते, आणि तिने माईंची बादली ओल्या फडक्याने झाकून मोरीत सरकवली. आठवण झाली तेव्हा साच्याला चिरा गेल्या होत्या. तरी तिने प्लास्टर ओतून पाहिलं. जे बाहेर आलं त्याला हात म्हणवत नव्हतं. बोटं तुटलेली, तळवा पिळवटलेला. ती पुन्हा पामला जायचं ठरवत होती, तोच जागृतीचा फोन आला. माई पहाटे गेल्या होत्या.

इथवर ती हयगय होती. पुढचं मेघालीने समजून उमजून केलं.

नवी पावडर तपासून बघायची आहे, असं सांगून तिने सासूचा हात मागितला. मथुराबाई माईंच्याच वयाच्या, तशाच हाडकुळ्या, तशाच सुरकुतलेल्या. "बोटं जरा मिटती ठेवा, आई," मेघाली म्हणाली. सासूने हसत हसत हात बादलीत घातला. माईंच्या हाताचे तुकडे मेघालीने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत टाकले.

तेराव्याला ती पामला वस्तू घेऊन गेली. जागृतीने तो पांढरा हात पाहिला आणि मेघालीच्या गळ्यात पडून रडली. रामनाथदादांनी तो दोन्ही हातांत घेतला, तळव्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"दुखण्यात किती सुकलेली," ते म्हणाले. "आता बरी झाली वाटते."

जागृतीने निघताना वाडीतले पांढरे जांब पिशवीभर दिले. मथुराबाईंनी ते आवडीने खाल्ले. मेघालीने एकही खाल्ला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सासूचं वागणं बदललं. दिवेलागण झाली की मथुराबाई खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसायच्या आणि उजवा हात पदराखाली घ्यायच्या. कुणी आलं तर दचकायच्या. थोड्या वेळाने उठून मोरीत साबणाने हात धूत राहायच्या. मेघालीने विचारलं की काही नाही म्हणायच्या. एकदा साबण संपला तरी त्या हात चोळतच होत्या. मेघालीने जवळ जाऊन त्यांचा हात ओढून घेतला. तळवा गरम होता, जरासा घामेजलेला. नखांत लाल माती होती. बोटांना चिकट काहीतरी लागलं होतं. मेघालीने वास घेतला. कच्च्या चिकूचा चीक.

कित्येक महिने ती बाई घराचा उंबरा ओलांडून गेली नव्हती.

मथुराबाईंनी मान खाली घातली. आधी शैलेशला सांगणार नाहीस म्हणून शपथ घ्यायला लावली.

"कोणतरी हात धरतं ग माझा," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की मेघालीला वाकावं लागलं. "बाप्याचा हात हाय... राकट. तिन्हीसांजेला येतो, न् धरून बसतो."

"आई, भास असेल..."

"वाईट नाय धरत." त्यांचे डोळे भरले. "मी इतकी वर्सं विधवा. कोनाकडे मान वर करून बघितलं नाय. आता या वयात... न् खरं सांगू? दिवस कलला का मी वाट बघत बसते. माझी मलाच लाज वाटते."

मेघालीला त्या क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. तिने सासूचा हात टॉवेलने पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती पामला गेली. काहीतरी निमित्त काढून ती वस्तू परत आणायची, असं ठरवून गेली. रामनाथदादा नुकतेच वाडीतून आले होते. ओटीवर खुर्चीत बसलेले, पायांना माती, उजव्या हातात तो पांढरा हात. त्याच्याशी ते हळू आवाजात बोलत होते. कुठल्या झाडाला कीड लागली, गडी आला की नाही, असं काहीबाही. मेघालीला बघून ते ओशाळले, पण हात सोडला नाही.

"ही होती तवा कधी धरला नाय," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील, पोरं काय म्हणतील. आता बसतो धरून. तुझे लय उपकार हायेत, पोरी." मग जरा पुढे झुकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "हल्ली... तीपण धरते."

मेघालीने पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. तिने मिटती करून घेतली होती, त्याहून ती जास्त मिटलेली होती. नीट बघायची तिची छाती झाली नाही. प्लास्टरला भेग पडलीय का ते बघायला आले होते, असं सांगून ती निघाली. परतीच्या रिक्षात तिचं तोंड असं तापलं होतं, जणू कुणी चारचौघांत थोबाडीत मारली होती.

मग एके सकाळी मथुराबाई उठल्या त्या हात पोटाशी धरून. मूठ वळलेली, बर्फासारखी थंड, निळसर. काही केल्या उघडेना. काल तिन्हीसांजेपासून त्याने सोडलंच नाही, एवढंच त्या सांगत होत्या. मेघाली गरम पाण्याची पिशवी भरत होती, तेव्हा जागृतीचा फोन आला. दादा काल संध्याकाळी खुर्चीतच गेले होते. त्यांच्या मुठीत माईंचा हात होता, तो सुटत नव्हता. गावातली जाणती माणसं म्हणाली, राहू दे, त्या हातासकटच अग्नी देऊ. "तू करून दिलास तो हात, म्हणून कळवलं," जागृती म्हणाली. "आता नेतीलच थोड्या वेळात."

मेघाली तशीच रिक्षा करून पामला धावली.

अंगणात माणसं जमली होती. तिरडी बांधून झालेली. रामनाथदादांचा मुलगा भावेश मडकं घेऊन पुढे उभा होता. मेघाली बायकांच्या गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"तो हात माईंचा नाही," ती म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं, आणखी मोठ्याने. साचा कसा वाया गेला, कुणाचा हात तिने आणून दिला, ती बाई जिवंत आहे, आज सकाळपासून तिचा हात कसा झाला आहे. बोलताना ती फक्त तिरडीच्या काथ्याकडे बघत होती. कुणी तिच्या अंगावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बायका तेवढ्या मागे सरकल्या.

भावेशने वाकून वडिलांची मूठ सोडवायचा प्रयत्न केला. रात्री ऊन पाण्यानेही ती सुटली नव्हती, आताही सुटेना. शेवटी मेघालीच मातीत बसली, प्रेताच्या कानाशी वाकली.

"दादा... ही परकी बाई आहे. हिला सोडा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती ताठरलेली बोटं सैल पडली, आणि पांढरा हात तिरडीवर घरंगळला. गर्दीतलं कुणीतरी मागच्या मागे बाहेर पडलं.

जागृतीने तो हात उचलून मेघालीला दिला. लांबून, टोकाला धरून.

"मग माईचा हात कुठेय?" तिने विचारलं.

मेघालीला खोटं बोलता आलं असतं. "कचऱ्याच्या गाडीत टाकला," ती म्हणाली.

जागृती वडिलांच्या पायांकडे वळली आणि मेघाली फाटकाबाहेर पडेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

घरी मथुराबाईंचा हात सुटला होता. बोटांत ऊब येत होती. मेघालीने त्यांच्या पायांशी बसून काही न लपवता सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाव काय होतं त्यांचं?"

"रामनाथ."

मथुराबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. त्यानंतर सुनेशी त्या कामापुरतंच बोलत.

मेघालीने काम बंद केलं. तो पांढरा हात टाकायची तिला भीती वाटत होती, फोडायची त्याहून जास्त. मऊ सुती कापडात गुंडाळून तिने तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. दिवस गेले. संध्याकाळी आता कुणी येत नव्हतं.

एकदा तिन्हीसांजेला सासूने हाक मारली. बऱ्याच दिवसांनी नावाने.

"मेघाली... इकडे ये. लाईट नको लावू."

मथुराबाई खाटेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, मूठ मिटलेली. खिडकीतून थोडा करडा उजेड येत होता.

"परत आला?" मेघालीने विचारलं.

"तो नाय. बाईचा हाय आज, दुखण्यात सुकलेला." त्या ओठ न हलवता बोलत होत्या. "धरत नाय ग... एकेक बोट उघडून बघते. मुठीत कोन हाय ते बघते..."

मेघालीच्या डोळ्यांदेखत मथुराबाईंची करंगळी वर उचलली गेली. मग तिच्याजवळचं बोट. मग मधलं. सावकाश, एकेक करून पाची बोटं उघडली. तळवा रिकामा होता. क्षणभर तो तसाच ताणलेला राहिला, आणि मग मांडीवर सैल पडला.

"गेली," मथुराबाई म्हणाल्या.

मेघालीने आपला हात ओढणीत खुपसला. मूठ आवळली, जितकी आवळता येईल तितकी. खोलीत बराच वेळ काही हललं नाही. मग कुणीतरी अगदी हळुवारपणे तिची करंगळी उचलली.