बेकरीच्या गाडीचं कूलंट

टेबलावर चार स्पार्क प्लग होते, चारही कोरडे. त्यांच्या शेजारी दाब देऊन पाहायचा हातपंप, त्याची तीन झाकणं, निळ्या द्रावणाची एक काचनळी, जांभळ्या उजेडाचा दिवा, तो वापरताना घालायचा पिवळा चष्मा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या, गोडसर वासाच्या हिरव्या कूलंटचे दोन डबे. एक रिकामा, दुसऱ्यात जेमतेम पेलाभर. बाकीचं सगळं बेकरीवाल्याच्या गाडीनं गिळलं होतं, आणि त्याचा एक थेंब ना खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर होता, ना इंजिनाच्या अंगावर.

तिनं पंप लावून दाब चढवला. काटा वर गेला आणि तिथंच चिकटून बसला. ती चहा पिऊन आली तरी हलला नाही. म्हणजे बाहेर कुठे गळती नव्हती. मग तिनं निळं द्रावण कूलंटच्या टाकीच्या तोंडाशी धरलं. इंजिनाच्या माथ्याखालचं, म्हणजे हेडखालचं गॅस्केट फाटलं असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि निळं पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. तेल स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

गॅस्केट ठणठणीत होतं. दुसरं कुणी असतं तर त्याच्या जिवात जीव आला असता. तिला मात्र कुणी बघत नसताना मान खाली घालावीशी वाटली.

कारण गॅस्केट तिनं बदललं होतं, आणि नाव बाबांचं सांगितलं होतं.

गॅरेज बाबांचं. पदार्थविज्ञानाची पदवी झाल्यावर, नोकरी लागेपर्यंत म्हणून ती तिथं आली आणि रमली. बाबांची एक पद्धत होती. हेडचा बोल्ट ठरल्या ताकदीनं आवळायचा, मग त्याला आणखी पाव फेरा द्यायचा, आणि तो दिला की लगेच बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. फेरा आधी, ठिपका मागून. तिला ते रेंगाळणं वाटायचं. त्या दिवशी ब्रश हातात होताच, तिनं सगळ्या बोल्टांवर ठिपके देऊन टाकले आणि मग फेरे द्यायला घेतले. मध्येच फोन आला. परत आली तेव्हा सगळीकडे ठिपके दिसले. तिनं वरचं झाकण बसवलं.

आठवडा व्हायच्या आत गाडी परत आली, तापलेली, कूलंट उतरलेलं. बेकरीवाला दारातच उभा राहिला.

"हेड आवळलं कुणी?"

तिला ब्रश, फोन, ठिपके, सगळं लख्ख आठवलं. तरीही तिनं भिंतीकडे बघत सांगितलं.

"बाबांनी."

बाबा शेजारच्या गाडीखाली होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते. ते पाय हलायचे थांबले. मग बाबा बाहेर आले, फडक्याला हात पुसत म्हणाले, "हो. मीच."

त्यांचा उजवा हात अलीकडे थरथरायचा. बेकरीवाल्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि त्याला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा यायच्या आत तिनं झाकण उघडलं. तीन बोल्टांनी राहिलेला पाव फेरा निमूटपणे घेतला. तिनं झाकण लावलं, टाकी भरली. चूक दुरुस्त झाली होती, आता ती बोलून दाखवायची गरजच उरली नव्हती. निदान स्वतःला तिनं तसं समजावलं.

तरी कूलंट उतरत राहिलं.

"ह्यांच्या शर्टांना मुंग्या लागतायत," आई एकदा धुण्याची बादली पुढे ओढत म्हणाली. "कॉलर बघ, कशी चिकट झालीय. साखर वाढली असणार. तपासून घ्या म्हणावं त्यांना. माझं ऐकतील तर शपथ!"

साखर तपासली. नेहमीसारखीच निघाली.

"बघ," बाबा हसले, "तुझ्या आईला वाटलं मी गोड झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"पहिल्यांदा आणि चुकून," आई म्हणाली.

हसता हसता बाबांनी टॉवेलनं मान पुसली. त्यांना हल्ली फार घाम यायचा. हा घाम बेकरीवाल्याचा फोन येऊन गेल्यावरच येतो, हे आधी तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते टाकीमुळे. टाकी अर्धपारदर्शक प्लास्टिकची होती. तिनं पेननं बाहेरून रेघ मारून ठेवली आणि गाडी मुद्दाम सुरू केली नाही. बंद, थंड इंजिन कूलंट पीत नाही, हे सांगायला पदवी लागत नाही. सकाळभर पातळी रेघेवर होती. दुपारी फोन वाजला, बाबा बराच वेळ "हो... हो, माझीच चूक" म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा पातळी बोटभर खाली होती.

एकदा जुळलं तर तो योगायोग, असं ती शिकली होती. ते रोज जुळू लागलं.

तिनं कूलंटमध्ये रंग मिसळला. जांभळ्या उजेडात तो पिवळा-हिरवा चमकतो, कुठे सुईच्या टोकाएवढा पाझरला तरी लपत नाही. पिवळा चष्मा लावून तिनं इंजिन न्याहाळलं, नळ्यांचे सांधे, पाण्याचा पंप, रेडिएटर, सीटखालचा गालिचासुद्धा. सगळीकडे काळोख. दिवा हातात तसाच ठेवून ती वळली, आणि खिळ्यावरचा बाबांचा टॉवेल उजळून निघाला.

तिच्या मनात पहिला आला तो संशय.

"बाबा, बेकरीच्या गाडीची टाकी तुम्ही उघडली होती का?"

"मी कशाला उघडू? माझा हात लागला की तिचं काय होतं, सगळ्यांना ठाऊक आहे."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बेकरीवाला आला तेव्हा भर दुपार होती. ती बॉनेटपाशी उभी होती. टाकी तिनं नुकतीच काठोकाठ भरली होती.

"काय उस्ताद, गाडी पितेय की तुम्ही?"

बाबा कसनुसं हसले.

"राग मानू नका," बेकरीवाला म्हणाला, "पण ही नेतो मी, आणि बाकीच्या गाड्याही आता दुसरीकडे. चार लोकांनी विचारलं तर मी काय सांगू? आणि या पोरीला तुमचं काही शिकवू नका. शिकली-सवरलेली आहे, तिचं तरी नाव राहू द्या."

आता. आता बोलायचं. 

"काका, ते हेड..."

"माझंच चुकलं," बाबा मध्येच म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "पोरगी सांगत होती, पुन्हा एकदा बघा म्हणून. मी ऐकलं नाही. उद्यापासून हेडचं काम घेणार नाही मी."

तिचं तोंड उघडं होतं. तिनं ते मिटलं.

टाकीतली हिरवी पातळी खाली सरकली.

इंजिन बंद होतं. बुडबुडा नाही, आवाज नाही. पेल्यातून कुणी सावकाश प्यावं तशी ती उतरत गेली.

बाबांच्या कपाळावर घाम फुटला. कानशिलांवरून, गळ्यावरून. कॉलर भिजली. छाती भिजली.

टाकीचा तळ दिसला.

"गाडी ओढून न्यायला माणूस पाठवतो," म्हणून बेकरीवाला गेला. बाबा स्टुलावर बसले.

"पंखा लाव गं. आत काहीतरी तापतंय."

तिनं पंखा लावला. मग टेबलाच्या खणातून दुर्बिणीसारखी एक छोटी नळी काढली. तिच्या काचेवर एक थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. तो द्रव किती अंशांना गोठतो ते आतली रेघ दाखवते. साध्या पाण्याची रेघ शून्यावर येते. घाम किंवा डोळ्यांतलं पाणी, तेही जवळपास तिथंच. गाडीत भरलेलं कूलंट तिनं भरण्याआधी पाहिलं होतं, उणे सदतीस.

बाबांच्या कानशिलावरचा एक थेंब तिनं काचेवर घेतला.

"हे काय आता?"

"काही नाही, बाबा. जरा बघते."

"बघ," ते डोळे मिटून म्हणाले. "बघ हो."

उणे सदतीस.

तिनं काच धुतली, पुसली, पुन्हा पुसली. तिचे गाल ओले होते, कधीपासून ते तिला कळलं नव्हतं. त्यातला एक थेंब तिनं बोटानं काचेवर ठेवला आणि नळी खिडकीकडे धरली.

शून्य.