तिसरा नियम

संगणकाच्या सरांनी शाळेत विकी सुरू केली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत दोनच प्रश्न विचारले गेले. हे अभ्यासक्रमात आहे का, आणि नसेल तर सक्तीचं आहे का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आल्यावर सगळ्यांनी मनापासून पाठिंबा दिला.

तंत्रशाळा होती. खाली सुतारकाम आणि लोहारकाम, वर वर्ग, आणि जिन्याच्या तोंडाशी संगणकाची खोली. सरांनी समजावलं, की विकी म्हणजे सगळ्या शाळेची मिळून एक वही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने ते दुरुस्त करायचं, आणि कोणी कधी काय बदललं ते पानाच्या ‘इतिहासा’त कायम राहणार.

“म्हणजे आमच्या घरासारखंच,” सुतारकामाचे मास्तर म्हणाले. “मी बोलतो, दुरुस्ती आतून येते.”

सरांनी पहिल्या पानावर तीन नियम घातले. पहिला, दुरुस्ती कुणीही करावी, पण काय केलं ते एका शब्दात नोंदवावं. दुसरा, संदर्भ नसलेला मजकूर टिकणार नाही, आणि फोटो हा उत्तम संदर्भ. तिसरा, पान आणि वस्तुस्थिती यांत फरक दिसला तर वाद न घालता दोन्ही जुळवावं.

तिसऱ्या नियमावर सर स्वतःच खूश होते. दोहोंपैकी बदलायचं काय, हे त्यात लिहायचं राहून गेलं होतं. पण असल्या गोष्टी काय कुणाला सांगाव्या लागतात?

पालकांसाठी त्यांनी ‘अतिथी’ नावाचं खातं उघडं ठेवलं. महिनाभर एकही पालक तिकडे फिरकला नाही. मुलांनी मात्र धडाका लावला. शाळेच्या प्रत्येक यंत्राचं, खोलीचं आणि शिक्षकाचं पान व्हायचं होतं. सरांची थोरली मुलगीही या मुलांत होती. ती रोज त्यांच्या पानासाठी फोटो मागायची आणि सर रोज केस कापायचं निमित्त सांगायचे. तसा एक फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. सर, थोरली आणि आठ वर्षांची धाकटी, तिघं घराच्या मागच्या दारात ताठ उभी. घरातले सगळे फोटो बायको काढायची, त्यामुळे ती एकाही फोटोत नसायची. फार तर ऊन तिच्या पाठीशी असलं की पुढ्यात तिची लांब सावली पडायची, दोन्ही कोपर वर. या फोटोतही ती तेवढीच होती.

“माझा तेवढाच फोटो चांगला येतो,” ती म्हणायची. “सडपातळ दिसते.”

पहिली गडबड झाली ती खिडकीची. कार्यशाळेच्या पानावर कुणीतरी ‘पाच खिडक्या आहेत’ असं लिहिलं होतं. होत्या सहा. एका मधल्या सुट्टीनंतर मुलं खाली गेली तर पाचच. सहावीची चौकट भिंतीतून उपटून, पिळून कोपऱ्यात फेकलेली होती. खिळे सगळे वाकलेले. भोक विटांनी बुजवलेलं आणि सिमेंट अजून ओलं. काचा जमिनीवर सांडल्या नव्हत्या. विटांच्या सांध्यांत त्या एकेक करून धारेच्या बाजूने रोवल्या होत्या.

“हे सगळं वीस मिनिटांत?” मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. “आपल्या कंत्राटदाराला सहा महिने लागले असते. तो माणूस सापडला तर आधी कामावर घ्या, मग पोलिसांना कळवा.”

सरांनी सहज त्या पानाचा इतिहास उघडला. मजकुरात काना-मात्रेचाही बदल नव्हता. नोंद मात्र होती. ‘अतिथी, १०:५२. जुळवले.’

सर हसले. कुणीतरी चेष्टा करतंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हेच त्यांनी स्वतःला तीन वेळा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचं पान झालं. तीस वर्षं करवतीपाशी काढून मास्तरांच्या अंगावर ओरखडा नव्हता, आणि हे ते नव्या माणसाला नावाच्याही आधी सांगत. मागच्या बाकावरच्या एका विनोदी मुलीने लिहून टाकलं, ‘मास्तरांच्या डाव्या हाताला चार बोटे आहेत.’

“राहू दे गं,” मास्तर हसत म्हणाले. “पाचही बोटं शाबूत असली की लोकांना सुतार शिकाऊ वाटतो.”

दुसऱ्या दिवशी सर टेबलासाठी एक फळी मागायला खाली गेले, तेव्हा मास्तर गोल करवतीचं पातं बदलून दाखवत होते. यंत्राची वायर भिंतीतून काढून त्यांनी गळ्यात घातली होती, नेहमीसारखी.

“वायर गळ्यात असली की माणूस विसरत नाही,” ते मुलांना सांगत होते. “हात लावायच्या आधी मानेला विचारायचं.”

पातं फिरायला लागलं.

कुणाला आधी कळलंच नाही. मास्तरांचा डावा हात पुढे गेला. घसरून नाही, कुणी मनगट धरून न्यावं तसा. करंगळी अर्धी कापली गेली. मास्तर किंचाळले आणि त्यांनी सगळ्या अंगाचा जोर लावून हात मागे ओढला. रक्त पहिल्या रांगेच्या तोंडावर उडालं. सरांनी धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी घातली. तरी तो हात पुन्हा पुढे गेला, सावकाश, आणि उरलेलं काम पुरं झालं. मग पातं आपोआप थांबलं. करंगळी भुशात पडली होती. वायरचं टोक मास्तरांच्या छातीवर लोंबत होतं.

‘अतिथी, ११:२०. जुळवले.’

सरांनी त्याच दिवशी अतिथीचं खातं बंद केलं आणि तिसरा नियम बदलला. ‘फरक दिसल्यास फक्त पान दुरुस्त करावे.’ मिनिटाभरात जुना नियम परत आला. ‘अतिथी. पूर्ववत.’ सरांनी पुन्हा बदलला. तो पुन्हा परतला. अकराव्या खेपेला त्यांनी विकीचा संगणक भिंतीपासून तोडला, खाली नेला आणि मास्तरांच्या मोगरीने त्याचा भुगा केला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “चार दिवस रजा घ्या.”

सर रजेचा अर्ज लिहायला वर आले. दुपारचे तीन वाजले होते. वर्गातल्या मुली थोरलीच्या फोनभोवती घोळका करून बसल्या होत्या.

“बाबा, तुमचं पान झालं!” थोरली म्हणाली.

“कुठलं पान? मी आत्ता सगळं फोडून आलोय.”

“उघडतंय की.”

उघडत होतं. ‘सर संगणक शिकवतात. चष्मा लावतात. ओरडत नाहीत. त्यांना एक मुलगी आहे.’

“एक?” सरांचा आवाज चिरकला. “एक कुणी लिहिलं?”

“मी, सर,” विनोदी मुलगी म्हणाली. या वेळी तिने विनोद केलेला नव्हता. “आम्हाला हीच माहीत आहे ना. धाकटी इथे कुठे येते?”

सरांनी थोरलीचं मनगट घट्ट धरलं. एक म्हणजे कुठली, ते पानावर नव्हतं.

दुसऱ्या हाताने त्यांनी ‘दोन मुली’ असं केलं. पान हललं आणि ‘एक मुलगी’ परत आली. ‘अतिथी. संदर्भ नाही.’

त्यांनी आपल्या फोनवरून घरी फोन लावला.

“बरं झालं फोन केलात,” बायको म्हणाली. मागे धाड धाड आवाज येत होता. “तुम्ही कुणा सुताराला पाठवलंय का? मागच्या दारावर कोणीतरी घण घालतंय. फटीतून बघितलं, तर बाहेर कोणीच नाही.”

“धाकटी कुठे आहे?”

“पलंगाखाली घातलीय तिला. अहो, फळी फुटली!”

“फोन ठेवू नकोस!”

दुसरा नियम. फोटो हा उत्तम संदर्भ.

सरांनी पुन्हा ‘दोन मुली’ असं केलं आणि तो फोटो शोधला. फोटो चढायला लागला. वीस टक्के. फोनमधून लाकूड कडकडल्याचा आवाज आला. पंचेचाळीस टक्के. धाकटी पलंगाखालून ‘आई’ म्हणून ओरडली. ऐंशी.

चित्राखाली एक चौकट उघडली. ‘या चित्रात काय आहे?’ ती भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. ती अट सरांनीच घातलेली होती.

त्यांनी खाडखाड लिहिलं, ‘माझे संपूर्ण कुटुंब.’

जतन झालं.

आवाज थांबला.

“थांबलं हो,” बायको म्हणाली. तिला धाप लागली होती आणि ती हसतही होती. “दार एका बिजागरीवर लटकतंय. पण थांबलं. पोरगी ठीक आहे. तुम्ही या लवकर. अहो... हे काय...”

पुढे काही नाही. फोन चालू होता. सर हाका मारत राहिले.

थोरलीला ओढतच त्यांनी घर गाठलं. पुढचं दार जसंच्या तसं होतं. धाकटी पलंगाखालून बाहेर आली होती. गुडघ्यांना धूळ, बाकी खरचटलेलंही नाही. सरांनी तिला उचललं, चाचपलं, बोटं मोजली.

“आई कुठे?”

“आत्ता तर होती. स्वयंपाकघरात.”

स्वयंपाकघरात ओट्यावर बायकोचा फोन पडला होता, अजून जोडलेला. सरांना स्वतःचाच श्वास त्यातून ऐकू आला. मागचं दार फळ्या-फळ्यांनी फुटून एका बिजागरीवर लटकत होतं आणि त्यातून उतरतं ऊन थेट आत आलं होतं.

थोरलीच्या फोनवर पान उघडंच होतं. दोन मुली. फोटो. खाली इतिहासात शेवटची नोंद. ‘अतिथी, ३:१४. संदर्भ पाहिला. जुळवले.’

“आई!” थोरलीने अंगणाकडे बघत हाक मारली. अंगणात कोणी नव्हतं.

सरांनी खाली पाहिलं. उन्हाच्या पट्ट्यात, उंबऱ्यापासून त्यांच्या पायांपर्यंत, एक सावली पडली होती. लांब, सडपातळ, दोन्ही कोपर वर.

धाकटीने त्यांचा हात धरला, थोरलीला पलीकडच्या बाजूला ओढलं आणि दाराकडे तोंड करून ताठ उभी राहिली.

“हलू नका ना बाबा,” ती म्हणाली. “आई फोटो काढतेय.”