शेवटच्या स्वाराचं उत्तर

“एवारिस्तोकाका, भूत खरं होतं की बाटलीतलं?”

हसून घ्या, पोरांनो. शनिवारी पाहुण्यांची रांग घेऊन तुम्हालाच कोरड्या घळीतून जायचंय, तेव्हा बघतो दात दिसतात का. ते फोन घाला आधी खिशात. चाळीस वर्षं या अल्पुहाराच्या डोंगरात घोड्यांना नाल ठोकतोय मी, थापा मारायला मला वेळ नाही. हे निकासियोनं, तेव्हाच्या आपल्या वाटाड्यानं, स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला.

गेल्या वर्षीचा चौदा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला तबेल्याच्या मालकानं निकासियोला वरच्या कुरणात पिटाळलं, मोरीताला आणायला. शनिवारी सात इंग्रज बाया रपेटीला येणार होत्या आणि तबेल्यात घोडे सहाच. मोरीता ही ओनोफ्रेची घोडी, रपेटीत रांगेच्या शेवटी असायचा त्या गड्याची. ओनोफ्रे मार्चमध्ये वारला, तेव्हापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं.

फाटकाशी ओनोफ्रेची बायको उभी होती, प्राक्सेदेस.

“निकासियो, उद्या कोर्टात खरं सांगशील ना?”

“वहिनी, जे झालं तेच सांगणार.”

“म्हणजे पुन्हा तेच. तो प्यायला गेला म्हणून मेला.”

“मी असं कुठं म्हटलं...”

“मग कोणी म्हटलं रे? पोरीला शाळेत ‘दारुड्याची’ म्हणून चिडवतात. मला दुसरं काही नको तुझ्याकडून. एवढंच बोल, ‘मी विचारलं नाही.’ बस्स.”

निकासियोनं घोड्याला टाच मारली. खरं बोललं की नोकरी गेली, वाटाड्याचा परवाना गेला. पंचावन्नाव्या वर्षी ऑलिव्हची झाडं झोडायलासुद्धा कोण ठेवून घेणार त्याला?

आता नीट ऐका. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. वाट अरुंद, पुढच्याला शेवटचा दिसत नाही. म्हणून प्रत्येक घळीपाशी पुढच्यानं ओरडायचं, “सगळे?” आणि शेवटच्या स्वारानं उत्तर द्यायचं, “सगळे!” मार्चमधल्या त्या दिवशी पुढे निकासियो होता, शेवटी ओनोफ्रे. पाहुण्यांचं जेवण थंड होतंय म्हणून मालकाचे फोनवर फोन. निकासियो फोनवर बोलत बोलतच कोरड्या घळीतून गेला. विचारलंच नाही. मागे ओनोफ्रे खोगिराचा तंग आवळायला उतरला होता, पायाखालची कड ढासळली. पाय मोडून रात्रभर थंडीत पडून राहिला बिचारा. मोरीता रांगेमागून रिकामीच आली. निकासियोला वाटलं, गडी नेहमीसारखा घोडी सोडून जवळच्या वाटेनं घरी गेला असेल. सकाळी सापडला तो. गार.

आणि चौकशीत हा हलकट काय म्हणाला? “मी विचारलं. तो म्हणाला, सगळे. त्यानंतर तो कुठं प्यायला गेला, मला ठाऊक नाही.”

असो. त्या गुरुवारी परतताना सव्वानऊ झाले. चंद्र ढगाआड. वारा नाही. निकासियो पुढे, मोरीता दोरीनं मागे. तिच्या पाठीवर खोगीरसुद्धा नव्हतं.

तीच घळ आली. त्यानं तोंड घट्ट मिटलं. मार्चपासून तिथं तो कधी ओरडलाच नव्हता.

खाली उतरला. दगड वाजले. वर चढला.

आणि मागून...

“सगळे!”

त्यानं विचारलं नव्हतं. तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

आवाज ओनोफ्रेचा. दमलेला.

दोरी ताठ झाली. मोरीताची पावलं जड पडायला लागली. निकासियोला वळून बघायचं होतं... मान वळेना.

“सगळे.”

आता जवळून.

“माफ कर रे... उद्या सांगतो. आईची शपथ, उद्या खरं सांगतो.” रडत होता तो.

मग काही नाही. तबेल्यापर्यंत... काही नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. उजेडात माणसाला धीर येतो आणि खोटंही बोलता येतं. मालक स्वतः त्याला गाडीतून कोर्टात घेऊन गेला, वाटेत कॉफी पाजली. मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीशबाईंनी विचारलं. निकासियो खाली बघत म्हणाला, “मी विचारलं. तो म्हणाला, सगळे.” झालं, फाईल बंद. प्राक्सेदेस पोरीचा हात धरून निघून गेली. आठवलं की आजही तोंड कडू होतं माझं.

तिथूनच मी मोरीताला नाल ठोकायला गेलो. तबेल्याला सकाळपासून कुलूप होतं, मालकानं किल्ली माझ्या हातात दिली. आत माणूस कोणी नव्हतं. खोगिरं सगळी खुंट्यांवर, कोरडी.

मोरीता कोपऱ्यात. मान खाली. धापा टाकत होती.

पाठ भिजली होती तिची. सगळी नाही... खोगिराएवढीच. पोटाखाली तंगाचा पट्टा उमटलेला, केस दबलेले. दूरचा पल्ला मारून आल्यावर खोगीर उतरवलं की दिसतो, तसा घाम.

मी हात ठेवला. गरम होता.