डावीकडची सीट

रात्रीची भुतं काय, कुणालाही दिसतात. माझ्या भाच्याला, उल्हासला, जे भेटलं ते रविवारी सकाळी, लख्ख उन्हात. साल २०१४. सिंगापूर, टॅम्पिनीस.

मी गोष्टींना तिखटमीठ लावतो, अशी घरात माझी ख्याती आहे. हिला लावलेलं नाही. लावायला जागाच नाही.

उल्हास तिथल्याच तांजोंग पगार भागात आयटी मॅनेजर. शांत माणूस. पण एक वेड... जुन्या अमेरिकन गाड्या. त्यातही पाँटिअ‍ॅक जीटीओ. कुणी नुसतं "का रे?" म्हटलं की हा सुरू. मधल्या आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. चौसष्ट साली तिथल्या काही इरसाल इंजिनिअरांनी तेच इंजिन 'जादा सोय' म्हणून विकायला काढलं; तीच ही जीटीओ. तरुण पोरांच्या उड्या पडल्या. पुढे विम्याचे हप्ते चढले, पेट्रोल महागलं, त्या गाड्यांचा दम गेला. २०१० मध्ये तर पाँटिअ‍ॅक हे नावच बंद झालं.

"म्हणजे अनाथच की," त्याची बायको मेधा म्हणायची. "आण घरी. दत्तक घेऊ."

त्यानं खरंच आणली. मिस्टर टॅन नावाच्या म्हाताऱ्या डेंटिस्टकडून. पासष्टची, काळीभोर. मूळचं स्टिअरिंग, क्लच, ब्रेक सगळं डावीकडे; इथल्या रस्त्यांसाठी टॅननी ते उजवीकडे बसवून घेतलेलं.

किल्ली देताना टॅन एवढंच म्हणाले, "फ्रंट लेफ्ट, नोबडी सिट, हां. बेल्ट स्पॉइल."

डावीकडचा पट्टा रिकाम्या सीटवर आवळून लावलेला होता...

कुणीतरी बसल्यासारखा.

उल्हास पडला इंजिनिअर. त्यानं पट्टा ओढून पाहिला. ठणठणीत.

"म्हातारा चळलाय," म्हणाला.

रविवारी कारपार्कमध्येच पूजा उरकली. चाकांखाली लिंबं, स्टिअरिंगला कुंकू. नारळ फोडायची चोरी, म्हणून नुसता ओवाळला.

"तू मागे बसतेस का?" उल्हासनं विचारलं.

"वामांगी ना मी? मग डावीकडेच बसणार." मेधानं पट्टा सोडवला, बसली आणि परत लावला.

समुद्राकडच्या हायवेला लागले. गिअरचा दांडा दोघांच्या मधोमध. उल्हासनं डावा हात नेला...

दांड्यावर आधीच एक हात होता. गार.

"मेधा, हात काढ ना गं."

हात हलला नाही.

त्यानं तिरकं पाहिलं. मेधाचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते.

मग तिचा डावा पाय हळूच पुढे गेला. तिनं पायाखालची मॅट दाबली...

आणि इकडे उल्हासच्या पायाखालचा क्लच आपणहून खाली गेला.

मेधाला सायकलसुद्धा धड येत नाही.

"मेधा, काय करतेयस?"

"बोलू नकोस," ती म्हणाली. आवाज तिचाच. अगदी शांत. "मी चालवतेय."

उल्हासनं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिन उलट गुरगुरलं. स्टिअरिंग फिरवलं, ते हातात नुसतंच गोल फिरलं. समोर एक लॉरी, मागे कामगार बसलेले. लॉरी जवळ येत होती.

मेधाच्या उजव्या पायाचा अंगठा मॅटमध्ये रुतला होता.

गाडी जाऊ दे खड्ड्यात. त्याला बायको हवी होती. त्यानं तिचा पट्टा सोडवला, दंडाला धरलं आणि सगळा जोर लावून तिला आपल्याकडे ओढलं.

"इकडे ये. माझ्याकडे ये."

इंजिन गप्प झालं.

गाडी अलगद कडेला सरकत गेली आणि थांबली. टक... टक... टक... इंडिकेटर चालू होता. उल्हासनं लावलेला नव्हता.

मग रिकाम्या सीटवरचा पट्टा सरकला...

खट. लागला.

टॅन स्वतः येऊन गाडी घेऊन गेले. वाद नाही, चौकशी नाही. फक्त विचारलं, "हू सिट?" उल्हासनं मेधाकडे बोट केलं. म्हातारा तिच्या पायांकडे बघत राहिला.

"पहिला मालक कोण होता?" उल्हासनं विचारलं.

"अमेरिकन," टॅन म्हणाले. "बट ही नेव्हर सेल मी द कार, लाह."

म्हणजे त्यानं ती विकलीच नव्हती. टॅननी किल्ली फिरवली.

घरी जाताना टॅक्सीत मेधा नेहमीसारखी. "दंड केवढा दुखतोय. एवढं ओढतात का माणसाला? लागला डोळा थोडा, तर काय झालं?" तिला काहीच आठवत नव्हतं. उल्हासचा जीव भांड्यात पडला. सुटलो, वाटलं त्याला.

सिग्नल आला. टॅक्सी हळू झाली.

मागच्या सीटवर, मेधाचा डावा पाय पुढे सरकला... आणि मॅट दाबून राहिला.

टॅक्सीला क्लच नव्हता.

अजून दाबते. झोपेतही. उल्हास फोनवर विचारतो, "मामा, सांगू का तिला?"

नको, म्हणतो मी. हसतेय, बोलतेय, टोमणे मारतेय. आपलीच मेधा आहे ती.

असं मी म्हणतो खरा.